कॉक कापायचा की खोलायचा?

पालमच्या बाजारात गळका पीव्हीसी कॉक नेऊन दाखवला की बहुतेक सल्ला एकच मिळतो : कापून टाका, नवा बसवा. सल्ला चुकीचा नाही. आपल्याकडे सर्रास विकला जातो तो पांढरा बॉल व्हॉल्व्ह कंपनीतच चिकटवून बंद केलेला असतो, आणि दोन्ही बाजूंनी सोल्युशन लावून तो पाइपात कायमचा बसतो. तो खोलताच येत नाही. अंगणातल्या अर्ध्या इंची कॉकसाठी दुपार वाया घालवण्यात काही शहाणपण नाही.

शेतातल्या सबमेनवरचा ६३ किंवा ७५ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह, नाहीतर गावाच्या वितरण वाहिनीवरचा व्हॉल्व्ह, यांचा हिशेब मात्र वेगळा. कापायचा म्हटले की दोन्हीकडचा वीतभर पाइप जातो, कपलिंग वाढते, आणि मोठ्या पाइपाच्या सांध्याला पुरा दाब देण्याआधी एखादा दिवस सुकू द्यावे लागते. शेतीची लाईट आठ तास, तीही कधी रात्रीची. मग ती पाळी गेलीच म्हणायची.

युनियन पद्धतीचा व्हॉल्व्ह महाग पडतो, पण त्याला दोन्हीकडे आट्यांच्या रिंगा असतात. मागून पाणी बंद करून दाब उतरवला आणि रिंगा हाताने सैल केल्या की मधला भाग आडवा बाहेर सरकतो. अनेक कंपन्यांच्या व्हॉल्व्हची मूठ उपसली की तिच्या खालच्या बाजूला दोन दात दिसतात. ते आतल्या खाचांत बसवून फिरवले की टेफ्लॉनची सीट सुटते. तीच मूठ पान्ह्याचे काम करते. बोअरच्या जड पाण्याने बॉलवर पांढरा थर धरला असेल तर तो व्हिनेगरमध्ये भिजवून काढावा, सँडपेपर लावू नये. चरा पडला की नवी सीटही गळते. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावे. गाडीच्या ग्रीसने काही रबरे फुगतात.

पण दुरुस्तीचाही हट्ट नको. मुठीखालून पाणी झिरपत असेल तर ओ-रिंग बदलून भागते, बंद करूनही पुढे पाणी जात असेल तर सीट. अंगालाच तडा गेला असेल तर एम-सील आणि सायकलची ट्यूब दाबाखाली फार दिवस टिकत नाही. वर्षानुवर्षे परभणीच्या उन्हात उघडा राहिलेला पीव्हीसी ठिसूळ होतो. तो खोलतानाच फुटायचा. शिवाय नेमक्या मापाची ओ-रिंग तालुक्याला मिळेलच असे नाही, आणि अंदाजाने बसवलेली रिंग गळकीच राहते. एक खोड मात्र आपलीच : खालच्या गल्लीला कमी पाणी जावे म्हणून कॉक अर्धा उघडा ठेवायचा. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठी असतो. अर्धवट ठेवला की वेगाचे पाणी आणि त्यातली रेती सीट खाते.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले. गावातली योजना पुढे चालवायची ग्रामपंचायतीने. आपल्याकडे नळाला पाणी थोडा वेळच असते. लाइन रिकामी झाली की चेंबरात साचलेले घाण पाणी गळक्या व्हॉल्व्हमधून आत ओढले जाऊ शकते. मग ते थेंबभर गळणे गावाच्या पोटात जाते.

म्हणून माझे मत असे : घरचे कॉक स्वस्तातले असू द्यावेत, पण मुख्य वाहिनीवर आणि प्रत्येक गल्लीच्या फाट्यावर खोलता येणारेच व्हॉल्व्ह अंदाजपत्रकात लिहावेत, आणि त्याच मापाच्या सीट व ओ-रिंगांचा संच ग्रामपंचायतीच्या कपाटात असावा. पावसाळ्यात लेंडी नदीला पूर आला की पालम–जांभूळबेट रस्त्यावरच्या गावांचा तालुक्याशी संपर्क तुटतो. तेव्हा दुकानही पलीकडे आणि प्लंबरही पलीकडे. हाताने सुटणारी रिंग कुणीही सुटी करील, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी चेंबरला झाकण आणि कुलूप लागेल, आणि तो खर्चही त्याच अंदाजपत्रकात धरावा लागेल.