पोटाच्या दुर्बिणीचा खर्च : पुण्यात चौकशी कशी करावी?

गावच्या डॉक्टरांनी दोन-चार वेळा औषध बदलून पाहिले, तरी पोटातली जळजळ थांबली नाही. अखेर त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, की पुण्याला जाऊन दुर्बिणीची तपासणी करून घ्या. अशी चिठ्ठी घरात आली की दोन प्रश्न एकदम उभे राहतात. पहिला भीतीचा : नळी पोटात घालतात म्हणे, म्हातारा माणूस ती सहन करील का? दुसरा पैशाचा : कोणी दोन हजार सांगतो, कोणी आठ हजार, मग खरे काय समजायचे? या घोळात चिठ्ठी फडताळात पडून राहते आणि कांदा काढणी झाली की जाऊ, ऊस गेला की जाऊ, असे म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात. म्हणून या खेपेस या तपासणीचा आणि तिच्या खर्चाचा विचार करू.

तपासणी म्हणजे काय?

करंगळीएवढ्या जाडीची, लवचीक नळी तोंडावाटे अन्ननलिकेत, तेथून जठरात आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. नळीच्या टोकाला दिवा आणि बारीक कॅमेरा असतो. आतले सारे डॉक्टरांना पडद्यावर दिसते. जखम, सूज, गाठ, रक्तस्राव, जे असेल ते डोळ्यांनी पाहता येते आणि शंका वाटल्यास तेथलाच कणभर तुकडा काढून तपासायला पाठविता येतो. तुकडा काढताना दुखत नाही.

या विद्येची सुरुवात मोठी गमतीची आहे. १८६८ साली जर्मनीतील डॉ. कुसमाउल यांनी सरळ, ताठ नळी जठरात उतरवून पाहिली आणि त्यासाठी त्यांना तलवार गिळणारा खेळवाला शोधावा लागला! पुढे काचेच्या बारीक तंतूंमधून प्रकाश वाकवून नेण्याची युक्ती साधली. तिच्यात आपल्या पंजाबातील मोगा गावी जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांचा मोठा वाटा आहे. १९५७ साली अमेरिकेत डॉ. हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची लवचीक दुर्बीण तयार केली आणि ती आधी स्वतः गिळून पाहिली. आजची नळी त्याहून कितीतरी सोयीची आहे. घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर निजवितात, आणि पाच-दहा मिनिटांत काम उरकते. उमासे येतात, डोळ्यांत पाणी येते, पण श्वास अडत नाही, कारण नळी श्वासाच्या वाटेने जात नाही.

कोणी थांबू नये?

पोटात जळजळ होणाऱ्या प्रत्येकाला दुर्बीण लागते असे मुळीच नाही. तरुण माणसाला, दुसरे काही वाईट लक्षण नसेल तर, डॉक्टर आधी काही आठवडे औषध देऊन पाहतात आणि ते योग्यच आहे. परंतु पुढील लक्षणे असल्यास चालढकल करू नये : घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, वारंवार उलट्या, रक्त कमी झाल्याचा अहवाल, पन्नाशी उलटल्यावर नव्यानेच सुरू झालेला पोटाचा त्रास, घरात कोणाला जठराचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग झालेला असणे. तंबाखू, मिशरी आणि दारू यांची सवय असणाऱ्यांनी घास अडकू लागताच जावे. आधी नुसती भाकरी अडकते, मग भात, मग पाणी. पाणी अडकेपर्यंत वाट पाहिली तर उपचाराचा हंगाम हातचा गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत फार आढळते. कंबर-गुडघे दुखतात म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या जातात. त्या गोळ्या जठराला जखमा करतात. दुसरे कारण एका जंतूचे. तिखट खाल्ल्याने आणि काळजीने अल्सर होतो असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, पण ऑस्ट्रेलियातील डॉ. बॅरी मार्शल आणि डॉ. रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिले, की बहुतेक अल्सरच्या मुळाशी जठरात राहणारा एक जंतू असतो. मार्शल यांनी तर १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन पाहिला. दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या जंतूवर दहा-चौदा दिवसांचे औषध असते. ते पुरे केले तर वर्षानुवर्षांचा आजार जाऊ शकतो.

रक्ताची उलटी झाली किंवा शौचास डांबरासारखे काळे, चिकट होऊ लागले, तर मात्र दरांची चौकशी करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणून त्या चालू असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे.

पुण्यात कोठे जावे?

ठिकाणे चार प्रकारची आहेत आणि प्रत्येकाचे गुण-दोष वेगळे आहेत.

पहिले सरकारी. पुणे स्टेशनजवळचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले आणि १८६७ पासून गोरगरिबांची सेवा करीत आहे. १९४६ साली सुरू झालेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. दौंडकडून रेल्वेने येणाऱ्यांना ते पायी गाठता येते. खर्च येथे सर्वांत कमी, पण गर्दी मोठी. पहिल्या फेरीत केसपेपर आणि डॉक्टरांची भेट, तपासणीला बहुधा पुढची तारीख, असे धरूनच निघावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात जे उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, त्यामुळे तेथे शासकीय दराने शुल्क भरावे लागते. दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असेल तर ती केसपेपर काढतानाच दाखवावी. औंधचे जिल्हा रुग्णालय आरोग्य विभागाचे आहे. तेथे दुर्बिणीची सोय कोणत्या वारी आहे हे आधी विचारून घ्यावे. इंदापूर-बारामतीकडच्यांनी पुण्याची वाट धरण्याआधी बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. ते २०१९ पासून सुरू आहे.

दुसरी, खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये. धनकवडीचे भारती, नऱ्ह्याचे काशीबाई नवले, पिंपरीचे डी. वाय. पाटील ही त्यांपैकी. शिकविण्याचे ठिकाण असल्याने येथील दर मोठ्या खासगी रुग्णालयांपेक्षा पुष्कळदा कमी असतात.

तिसरी धर्मादाय रुग्णालये. रास्ता पेठेतील के.ई.एम., दीनानाथ मंगेशकर, रूबी हॉल, जहांगीर, पूना हॉस्पिटल अशी मोठी नावे यांत येतात. इमारत पाहून आपले लोक बाहेरूनच परततात. पण मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या आहेत. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल, अशी मर्यादा आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. योजना खाटांची असल्यामुळे, दाखल न होता करावयाच्या तपासणीला सवलत कशी मिळेल हे तेथील वैद्यकीय समाजसेवकाला भेटून विचारावे आणि तारीख ठरविण्यापूर्वीच विचारावे. बिल झाल्यावर दाखला पुढे केल्यास कोणी ऐकत नाही. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवून ठेवावयाचे नाही, हेही त्याच योजनेत आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर महिलेच्या मृत्यूनंतर हा अनामत रकमेचा प्रश्न राज्यभर गाजला. दाद मागण्याची जागा म्हणजे धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय.

चौथी, पोटाच्या डॉक्टरांची स्वतःची क्लिनिके. तारीख लवकर मिळते, काम सकाळीच उरकते. दर मात्र ज्याचे त्याचे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयीही पुष्कळांचा गैरसमज असतो. ती मुख्यतः दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. नुसती दुर्बीण घालून घरी यायचे असेल तर तिचा लाभ मिळेलच असे धरू नये. तपासणीत मोठा आजार निघाला तर मात्र तिचा मोठा आधार आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटावे, किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे.

दर नव्हे, घरी परतेपर्यंतचा खर्च

टेलिफोनवर जो आकडा सांगतात तो बहुधा नुसत्या नळीचा असतो. एक उदाहरण घेऊ. हे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत, कोणा ठिकाणचे दर नव्हेत. एका ठिकाणी तपासणीचे २,००० सांगितले. तेथे गेल्यावर डॉक्टरांची फी ५००, गुंगीचे इंजेक्शन व खाट १,५००, तुकड्याची तपासणी १,२००. झाले ५,२००. अहवालासाठी दोघांची दुसरी फेरी ६००, म्हणजे ५,८००. दुसऱ्या ठिकाणी सगळे मिळून ४,५०० सांगितले आणि अहवाल मोबाईलवर पाठविला. स्वस्त कोणते पडले? शिवाय दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी वेगळीच.

म्हणून दोन-तीन ठिकाणी टेलिफोन करून हे प्रश्न विचारावेत व उत्तरे वहीत लिहून ठेवावीत :

१. सांगितलेल्या रकमेत डॉक्टरांची फी धरली आहे का?

२. गुंगी देणार की नुसता फवारा? गुंगीचे वेगळे किती?

३. तुकडा काढावा लागला तर काढण्याचे किती व प्रयोगशाळेचे किती? तो त्याच वेळी काढतील ना?

४. आधी रक्ताच्या कोणत्या तपासण्या लागतात? गावाकडे केलेल्या चालतील का?

५. तपासणी कोण करणार, पोटाचे तज्ज्ञ की शल्यचिकित्सक? गुंगी दिल्यास प्राणवायूची सोय आहे का?

६. एका रुग्णानंतर नळी कशी स्वच्छ करतात?

७. अहवाल केव्हा व कसा मिळेल?

सहावा प्रश्न विचारायला संकोचू नये. प्रत्येक रुग्णानंतर नळी आतून-बाहेरून घासून, जंतुनाशक द्रवात ठरलेला वेळ बुडवून ठेवावी लागते. या कामाला वेळ आणि पैसा लागतो. तेथे काटकसर करून दर कमी केला असेल तर ती स्वस्ताई आपल्या उपयोगाची नाही. चांगल्या ठिकाणी याचे उत्तर न रागावता देतात.

जाण्यापूर्वी

आदल्या रात्री हलके जेवावे आणि तपासणीपूर्वी सहा ते आठ तास काही खाऊ नये. सकाळचा चहासुद्धा नको. पाणी केव्हापर्यंत प्यावे ते विचारून घ्यावे. पोट रिकामे नसेल तर फेरी फुकट जाते. मधुमेहाचे इन्सुलिन, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, दमा, हृदयविकार, गर्भारपण, औषधाची ॲलर्जी, हलणारे दात किंवा कवळी हे सारे आधीच सांगावे. रक्त पातळ होण्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील तर जंतूची तपासणी चुकू शकते, म्हणून त्या किती दिवस आधी थांबवाव्यात हे डॉक्टरांना विचारावे.

सोबत घरचे शहाणे माणूस हवेच. गुंगी दिली असेल तर त्या दिवशी मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीवर मोटार सुरू करायला जाऊ नये, कोणत्या कागदावर सहीही करू नये. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणी पिऊ नये, नाहीतर ते श्वासनलिकेत जाते. घसा दिवसभर खवखवतो, त्याची चिंता नको. पण छातीत-पोटात जोराची कळ, ताप, धाप किंवा रक्ताची उलटी झाली तर लगेच परत जावे. असे क्वचितच होते.

तुकडा काढला असेल तर त्याचा अहवाल हाती घेऊन डॉक्टरांना दाखविल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. ‘दुर्बीण झाली, काही नाही म्हणाले’ एवढ्यावर समाधान मानून अहवाल आणायलाच न गेलेली घरे पुष्कळ आहेत. सगळे कागद, फोटो आणि वहीतला हिशेब एका पिशवीत ठेवावा. पुढच्या वेळी डॉक्टर प्रथम तेच मागतील. आणि ज्या घरी अशी चिठ्ठी फडताळात पडून असेल, त्यांनी पहिला टेलिफोन उद्या सकाळीच करावा.