सनस्क्रीनमधले फिल्टर पुढच्या बाजूला छापा

प्रति,
मा. औषध महानियंत्रक,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सनस्क्रीन घेताना बहुतेक जण एसपीएफ ३० की ५०, एवढंच पाहतात. खरं तर या दोन्हींत फार अंतर नाही. नीट लावलं तर एक सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवतं, दुसरं ९८ टक्के. आत ऊन अडवणारा कोणता घटक, म्हणजे फिल्टर, आहे हे पाहायला हवं, पण तो मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, पाणी, सुगंध आणि टिकाऊपणासाठीची रसायनं यांच्या गर्दीत हरवलेला असतो. ऑक्सिबेन्झोन हा फिल्टर शोधायला जावं, तर तो तिथे बेन्झोफेनोन-३ म्हणून बसलेला. प्रमाण तर बहुधा छापलेलंच नसतं.

मला कुणाला घाबरवायचं नाही. ऑक्सिबेन्झोनमुळे माणसांना एखादा आजार होतो, असं सिद्ध झालेलं नाही. उन्हानं होणारं नुकसान मात्र सिद्ध आहे. तरीही २०१९ आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या चाचण्यांत ऑक्सिबेन्झोन त्वचेतून रक्तात उतरताना आढळलं. २०१९च्या प्रस्तावात या प्रशासनानं दोनच फिल्टर सुरक्षित आणि परिणामकारक मानले: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. ऑक्सिबेन्झोनसह बारा घटकांबद्दल आणखी माहिती मागवली. युरोपीय संघानं २०२२मध्ये ऑक्सिबेन्झोनवरची मर्यादा आणखी कडक केली: चेहऱ्याच्या क्रीममध्ये ६ टक्के, अंगभर लावायच्या लोशनमध्ये २.२ टक्के. जितक्या जास्त त्वचेवर लावायचं, तितकं प्रमाण कमी. मग ते प्रमाण ग्राहकाला कळायला नको का?

गरोदर बाईला, लहान मुलाच्या आईला, त्वचेला चटकन ॲलर्जी होणाऱ्या माणसाला झिंकचं सनस्क्रीन हवं असतं. (सहा महिन्यांखालच्या बाळाला सावली आणि सुती कपडेच बरे.) आपल्या सावळ्या रंगावर झिंकचा पांढरा थर उठून दिसतो, म्हणून अनेक जणी ते टाळतात. आयर्न ऑक्साइड मिसळलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन तो थर झाकतं आणि वांग असलेल्यांना दृश्य प्रकाशापासूनही जपतं. पण दुकानात उभं राहून हे ओळखायचं कसं? दुकानदार सांगेल ते घ्यायचं, नाहीतर जाहिरातीतला चेहरा बघून. सनकोट आणि स्कार्फ आमच्या बायका वर्षानुवर्षं वापरतात. त्यांना उन्हाची काळजी शिकवावी लागत नाही. त्यांना हवी आहे फक्त वाचता येईल अशी माहिती.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सनस्क्रीनवर प्रत्येक फिल्टरचं नाव आणि टक्केवारी वेगळी छापावी लागते. तिथे जे जमतं, ते इथेही जमेल. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२०मध्ये एवढी दुरुस्ती व्हावी यासाठी आपण पुढाकार घ्या: प्रत्येक फिल्टरचं नाव आणि टक्केवारी पुढच्या बाजूला, ठळक अक्षरांत छापणं सक्तीचं करा. इंग्रजीसोबत ती माहिती मराठीत आणि इतर भारतीय भाषांतही असू द्या.

आपली,
एक ग्राहक