गणित डोक्यात आहे, पाटीवर का उतरत नाही?

‘याच्या डोक्यात गणित बसत नाही’ हा शेरा आपल्या मुलांच्या वाट्याला फार लवकर येतो. मूल तिसरीत, आठ वर्षांचे असते आणि त्याच्या भवितव्याचा निकाल लागून जातो. आईबापही तो निमूट मान्य करतात. आम्हीच शिकलो नाही, पोराला कुठून येणार, असे म्हणतात. पण हा निकाल कोणत्या पुराव्यावर दिला? बाजू न ऐकता दिलेला निकाल कोर्टात टिकत नाही. मग तो वर्गात का टिकावा?

पुरावा तर उलटेच सांगतो. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २०२५ साली तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. किती मालाचे किती पैसे झाले आणि नोटेतून परत किती द्यायचे, हे ही मुले तोंडी बिनचूक सांगत. तसलेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर आले की अडखळत. आणि नुसती शाळेत जाणारी मुले बाजारी हिशेबात अडखळली! कोपरगावच्या आठवडे बाजारात आईशेजारी बसून सुटे पैसे मोजणारे पोर आपण रोज पाहतो. त्याच्याकडे बुद्धी आहे. ती पाटीपर्यंत नेण्याचे काम शाळेचे आहे आणि ते अडले आहे.

ते कुठे अडते? पहिलीत आलेले मूल एक ते वीस म्हणते, पण ते गाणे म्हटल्यासारखे. शेवटचा उच्चारलेला आकडा म्हणजे समोरच्या वस्तूंची एकूण संख्या, ही पहिली समज. मग आठ आणि पाच मिळवताना ते पहिल्यापासून सगळे मोजते. पुढे आठ मनात धरून नऊ, दहा, अकरा असे मोजू लागते, तेव्हा मोठी मजल मारलेली असते. बोटे मोजणे हा या वाटेवरचा टप्पा आहे. त्यासाठी छडी दाखवणारा शिक्षक मुलाची वाटच बंद करतो.

खरी परीक्षा दशकाची. दहा सुट्या काड्या आणि दहाची एक जुडी सारखीच, हे ज्याला हाताने कळले त्याला हातच्याची वजाबाकी जड जात नाही. त्यातून मराठीची अडचण वेगळी. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, लिहिताना दोन आधी येतो. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येते आणि लिहायचे २९. तेलुगू मूल सरळ ‘वीस एक’ या क्रमाने एकवीस म्हणते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात जुन्या नावांसोबत ‘वीस सात’ हे वाचन दिले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि गणिताची भीती जावी, हे कारण सांगितले. त्यावर विधानसभेपासून पारापर्यंत विनोद झाले. विनोद करणाऱ्यांच्या घरी मुलांना समजावून सांगणारे कोणीतरी असते. ज्याच्या घरी कोणी नाही, त्याचा विचार कोणी केला?

आता आपल्या तालुक्याकडे पाहा. कोळपेवाडी आणि सहजानंदनगर, दोन्हीकडे सहकारी साखर कारखाने आहेत. हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबे येतात, सोबत मुलेही. गावची शाळा सुटते, इथली धरली जात नाही. पहिली-दुसरीचे दोन हंगाम बुडाले की दशकाची समजच बुडते. आणि गंमत अशी, की उसाची मोळी बांधताना रोज पाहणाऱ्या या मुलाइतकी जुडीची कल्पना दुसऱ्या कोणाला सोपी नसावी!

ही काही मूठभरांची गोष्ट नाही. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या केवळ ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी करता आली. पाचवीत भागाकार करू शकणारी ३०.७ टक्केच. तिसरीत सुटलेला धागा पुढे आपोआप सापडत नाही. दहावीचे गणित, मग तंत्रनिकेतन, बँक, स्पर्धा परीक्षा, सगळी दारे त्याच एका कडीने बंद होतात.

कायदा मात्र स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम २४नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम ९नुसार स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करते. कलम २१प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांना प्रमाणात प्रतिनिधित्व हवे. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन व अंकगणित यावे, यासाठी केंद्राच्या ‘निपुण भारत’ने २०२६-२७ची मुदत ठरवली आहे.

म्हणून बंधूभगिनींनो, समितीच्या बैठकीला केवळ सही करायला जाऊ नका. तिसरीच्या वर्गात किती मुलांना हातच्याची वजाबाकी येते, हा एकच प्रश्न विचारा. ज्यांना येत नाही त्यांना जादा शिकवणी कधी आणि कोण देणार, हे इतिवृत्तात लिहून घ्या. ऊसतोड मुलांची नावे हजेरीपटावर आहेत का, तेही पाहा. उत्तर मिळाले नाही तर लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. पोराच्या डोक्यात गणित बसत नाही, असे पुन्हा कोणी म्हणाले तर आधी ती पोच दाखवा.