चहाच्या गाळणीतून गवत

अंबरनाथ सोडून गाडी बदलापूरकडे निघाली की रुळांच्या कडेला बेलवलीचा परिसर लागतो. श्रावणात येथील गवत गुडघ्याएवढे वाढते, मार्गशीर्षात पिवळे पडते आणि चैत्रात मातीच्या रंगात मिसळून जाते. कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत हा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला, तेव्हापासून प्रवाशांच्या किती पिढ्या या गवताजवळून गेल्या असतील! दुकानाच्या वा कचेरीच्या घाईत ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. मात्र घरात आगगाडीची प्रतिकृती मांडू पाहणाऱ्याला पहिली अडचण नेमकी तेथेच येते. रूळ, डबे, इंजिन विकत मिळतात. जमीन स्वतः करावी लागते. आणि जमीन खोटी दिसली की तिच्यावर धावणारी गाडी केवळ खेळणे वाटते.

हा छंद आपल्याकडे अपरिचित नाही. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. सिग्नल, दिवे आणि रस्ते असलेल्या चिमुकल्या नगरातून तेथे गाड्या धावतात. ते पाहून आलेली मुले घरी तसेच काही करण्याचा हट्ट धरतात. त्या हट्टाला पैशापेक्षा वेळ आणि सोबत अधिक लागते.

रंगवलेला लाकडाचा भुसा पसरून गवत करण्याची जुनी रीत सोपी आहे. पण भुसा आडवा पडतो आणि गवत तर उभे असते. यावर उपाय म्हणजे स्थिर विद्युत. दागिन्यांच्या डब्यांना आतून जे मखमली अस्तर असते, ते पुष्कळदा याच तत्त्वावर तयार होते. गोंद लावलेल्या पृष्ठभागावर नायलॉनचे बारीक तंतू उच्च दाबाच्या विद्युतक्षेत्रातून सोडले जातात. क्षेत्रात शिरताच प्रत्येक तंतू बाणासारखा सरळ होतो, ओल्या गोंदाकडे ओढला जातो आणि टोकावर उभा रुततो. सराफी पेढीतल्या डबीची मखमल आणि छोट्या रेल्वेचे कुरण ही एकाच विद्येची दोन रूपे आहेत.

या कामासाठी जर्मनीतील नोख कंपनीचे ‘ग्रासमास्टर’सारखे तयार यंत्र मिळते, परंतु त्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात. घरगुती यंत्राला तीनच वस्तू पुरतात: सुक्या सेलवर चालणारी डासांची विद्युत रॅकेट, धातूची जाळी व प्लास्टिकची मूठ असलेली चहाची गाळणी आणि चिमटा लावलेली वायर. खर्च काही शे रुपयांचा. ज्या घरांत अशी रॅकेट जीवहत्येचे साधन म्हणून कधीच आणली जात नाही, त्यांनाही येथे संकोच नको. कारण पहिले काम तिची जाळी काढून टाकण्याचे आहे.

रॅकेटच्या जाळीला आतल्या मंडलातून दोन तारा येतात. त्यांतील एक गाळणीच्या जाळीला आणि दुसरी चिमट्याच्या वायरला जोडावी. सर्व जोड प्लास्टिकच्या नळीत वा चिकटपट्टीत पूर्ण झाकावेत. एवढे झाले की यंत्र तयार.

हिशेबी माणसाची खरी परीक्षा यापुढे आहे. बचत कोठे करावी हे सर्वांनाच कळते. कोठे करू नये हे कळणे म्हणजे व्यवहार. या यंत्रात हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो आणि बटण सोडल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. म्हणून रॅकेट उघडण्यापूर्वी सेल काढावेत आणि प्लास्टिकच्या मुठीच्या पेचकसाने दोन्ही ध्रुव क्षणभर जोडून तो भार रिकामा करावा. प्रत्येक वापरानंतर गाळणी व चिमटा एकमेकांना टेकवावेत. घरच्या वीजपुरवठ्यावर चार्ज होणारी रॅकेट या कामी मुळीच घेऊ नये. दोन्ही तारांत दहा लाख ओहमचे तीन-चार रेझिस्टर एकापुढे एक जोडले, तर चुकून स्पर्श झाल्यास धक्का सौम्य राहतो. ही भर काही रुपयांची आहे आणि तीच वाचवण्याचा मोह सर्वांत महाग पडू शकतो. जोडणीचे काम जाणत्या व्यक्तीकडूनच करवून घ्यावे. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी यंत्रापासून दूर राहावे. ठिणगी पडण्याचा संभव असल्याने थिनर किंवा स्पिरिट असलेला गोंद जवळपासही नसावा.

प्रत्यक्ष काम मात्र आनंदाचे आहे. पुठ्ठ्यावर प्रथम मातकट रंग द्यावा. वाळल्यावर थोडे पाणी घातलेले फेविकॉल पसरावे, त्यात एक खिळा रोवावा आणि चिमटा त्या खिळ्याला लावावा. गाळणीत तंतू घेऊन ती गोंदापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरावी आणि बटण दाबून हलकेच हलवावी. रात्रभर वाळू द्यावे. नंतर पुठ्ठा उलटा करून झटकलेले तंतू पुन्हा डबीत भरावेत. पावसाळ्यातल्या दमट हवेत तंतूंच्या गुठळ्या होतात, म्हणून डबी घट्ट झाकणाची हवी. नाकातोंडावर रुमाल बांधणेही इष्ट.

तंतूंची लांबी त्रैराशिकाने ठरवावी. प्रचलित प्रतिकृती मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी असते. त्या प्रमाणात २ मिलिमीटरचा तंतू सुमारे १७ सेंटिमीटरचे गवत दाखवतो आणि ६ मिलिमीटरचा सुमारे ५२ सेंटिमीटरचे, म्हणजे गुडघाभर. रॅकेटच्या दाबाने आखूड तंतू चांगले उभे राहतात. लांब तंतूंना अधिक दाबाचे यंत्र लागते. म्हणून आरंभ २ मिलिमीटरपासून आणि पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर करावा. नुसता हिरवा रंग परक्या देशाचा वाटतो. त्यात थोडे गवती पिवळे व थोडे तपकिरी तंतू मिसळले की जमीन कोकणच्या पायथ्याची दिसू लागते.

सुटीच्या दिवशी दुकानाचा गल्ला मिटल्यावर वडील, आजोबा आणि मुले एका मेजाभोवती बसून हे करू शकतात. यंत्र चालवणारा हात वडिलांचा असावा आणि कोणत्या ऋतूचे गवत लावायचे हा निर्णय मुलांचा.