थडगी उकरून धंदा!

जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनियरने तोंडावरचा मुखवटा उतरवला आणि हजारो चाहत्यांनी सभागृह डोक्यावर घेतले. मार्व्हल स्टुडिओजची घोषणा अशी होती की, ज्या नटाने अकरा वर्षे टोनी स्टार्क ऊर्फ आयर्न मॅन साकारला, तोच आता ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’मध्ये डॉक्टर डूम नावाचा खलनायक होऊन परतणार. टोनी स्टार्क २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये मेला होता. साऱ्या विश्वासाठी, बायकोच्या आणि मित्रांच्या डोळ्यांदेखत मेला होता. त्याच्या अंत्यविधीला जगभरच्या थिएटरांत माणसे हुंदके देऊन रडली होती. पाच वर्षे होतात न होतात तोच त्याचा चेहरा पुन्हा विक्रीला निघाला! त्या टाळ्यांत आमची टाळी नाही. सांगण्याजोगे नवे काही उरले नसल्याचा हा कबुलीजबाब आहे, आणि तो देणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे.

जाब विचारण्याचा हक्क प्रेक्षकाने पदरचे पैसे मोजून मिळवला आहे. २०१९ च्या एप्रिलात मुंबई-पुण्यात ‘एंडगेम’चे पहाटेचे खेळ लागले आणि तेही भरले. एकट्या भारतात त्या चित्रपटाने साडेतीनशे कोटींहून अधिक रुपये कमावले. ती गर्दी भाबडी नव्हती. अकरा वर्षे तिने एक कथा मनात सांभाळली होती आणि तिचा शेवट पाहायला ती आली होती. म्हणून आधी उभे काय राहिले होते ते नीट सांगू. मुळातच टाकाऊ असलेल्या मालाच्या नासाडीवर कोणी अग्रलेख लिहीत नसतो.

मार्व्हल कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. स्पायडर-मॅन, एक्स-मेन, फॅन्टास्टिक फोर ही तिची बिनीची पात्रे परक्या स्टुडिओंच्या हाती होती. २००५ मध्ये तिने उरलेल्या पात्रांपैकी दहांचे चित्रपटहक्क गहाण टाकले आणि मेरिल लिंचच्या मदतीने साडेबावन्न कोटी डॉलर उभे केले. चित्रपट पडले असते तर कॅप्टन अमेरिकासकट सारी पात्रे धनकोच्या घशात गेली असती. त्या जुगारातून २००८ चा ‘आयर्न मॅन’ निघाला. ज्याच्यावर पैसे लावायला हॉलिवूड कचरत होते असा नट, ज्याचे नाव सामान्य प्रेक्षकाला ठाऊक नव्हते असा नायक आणि पूर्ण पटकथा हाती नसताना चित्रीकरण करणारा दिग्दर्शक जॉन फॅव्हरो! निर्माता केव्हिन फायगी याने मग घाई केली नाही. एकेका नायकाला त्याचा चित्रपट दिला, त्याचा स्वभाव प्रेक्षकांच्या अंगवळणी पडू दिला, आणि चार वर्षांनी, २०१२ मध्ये, सहाव्या चित्रपटात सगळे एकत्र आणले. हा संयम किती दुर्मीळ होता हे नकलाकारांनी सिद्ध केले. युनिव्हर्सलने २०१७ मध्ये ‘द ममी’ काढून ‘डार्क युनिव्हर्स’चा डंका पिटला; ते विश्व एका चित्रपटातच आटोपले. प्रतिस्पर्धी डीसीने ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ आणि ‘जस्टिस लीग’ यांची घाई केली आणि शेवटी सगळे मोडून नव्याने मांडले.

पण संयम हे साधन होते. त्या संयमातून जे साधले ते आमच्या मते गेल्या वीस वर्षांतल्या लोकप्रिय सिनेमाचे सर्वांत मोठे यश आहे. या विश्वात घडलेले पुसले जात नव्हते. २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये सोकोव्हिया नावाच्या देशातले एक शहर नायकांच्या लढाईत आकाशात उचलले जाते आणि उद्ध्वस्त होते. कोणताही दुसरा सिनेमा तिथे संपला असता, नायकांनी जग वाचवले म्हणून टाळ्या पडल्या असत्या. पुढच्या वर्षीच्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये मात्र एक आई टोनी स्टार्कसमोर उभी राहते आणि सोकोव्हियात मेलेल्या आपल्या तरुण मुलाचा फोटो त्याच्या हातात देते. त्याच विध्वंसात बाप, बायको आणि मुलगा गमावलेला झीमो नावाचा माणूस सूड उगवायला निघतो. त्याच्याकडे कुठलीही दिव्य शक्ती नाही. त्याने घडवलेल्या स्फोटात वाकांडा या देशाचा राजा मरतो, आणि त्या राजाचा मुलगा म्हणून ब्लॅक पँथर आपल्यासमोर येतो. तोही सुडानेच पेटलेला असतो. पण अखेर तलवार म्यान करून तो झीमोला आत्महत्येपासून रोखतो. तिथून पुढे रायन कूगलरचा २०१८ चा ‘ब्लॅक पँथर’ उभा राहतो. तीन ऑस्कर आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळवणारा तो पहिला सुपरहिरोपट. एका शहराच्या राखेतून तीन चित्रपटांची नैतिक साखळी! हे सुट्या चित्रपटाला साधत नाही, तीन भागांच्या मालिकेलाही साधत नाही. सामायिक विश्वाचे सामर्थ्य हेच. कृतीला फळ असते आणि ते फळ कोणाच्या तरी ताटात पडतेच. आपल्याकडे महाभारत घराघरांत जिवंत राहिले तेही याच बळावर.

दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी २०१९ मध्ये या चित्रपटांना सिनेमा मानायला नकार दिला तेव्हा त्यांच्यावर जगभरातून चिखलफेक झाली. आम्हालाही त्यांचे म्हणणे तेव्हा सरसकट वाटले होते आणि सोकोव्हियाच्या साखळीकडे पाहता ते आजही सरसकटच वाटते. परंतु या चित्रपटांत कशाचीच जोखीम उरलेली नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप स्टुडिओने पुढच्या पाच वर्षांत स्वतःच्या हाताने खरा करून दाखवला. टीकाकाराला इतकी मदत क्वचितच कोणी केली असेल!

डिस्नेने २००९ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलरांना मार्व्हल विकत घेतली होती. दहा वर्षे तिने फार ढवळाढवळ केली नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू झाले आणि त्याची वर्गणी वसूल करायला मालिकांचा रतीब घालावा लागला. पहिल्या अकरा वर्षांत २३ चित्रपट आले होते. जानेवारी २०२१ ते नोव्हेंबर २०२२ या दोन वर्षांहूनही कमी काळात ७ चित्रपट, ८ मालिका आणि वर दोन विशेष भाग आले! ‘डॉक्टर स्ट्रेंज’चा दुसरा भाग समजायचा तर आधी ‘वांडाव्हिजन’ पाहिलेली हवी. ‘द मार्व्हल्स’ समजायचा तर ‘कॅप्टन मार्व्हल’ हवा, ‘वांडाव्हिजन’ हवी, ‘मिस मार्व्हल’ही हवी. प्रेक्षकाने रसिक म्हणून नव्हे, परीक्षार्थी म्हणून थिएटरात यावे, अशी ही व्यवस्था. त्याने आपला निकाल तिकीटखिडकीवर दिला. ‘कॅप्टन मार्व्हल’ने २०१९ मध्ये जगभरात ११० कोटी डॉलरांच्या वर कमावले होते, २०२३ मध्ये तिचाच पुढचा भाग २० कोटींच्या आसपास अडखळला, या विश्वातला नीचांक ठरला.

या पुरात चांगलेही बुडाले, याची चीड आम्हाला अधिक आहे. ‘मिस मार्व्हल’ने जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी वंशाच्या कमला खान या मुलीला नायिका केले आणि तिला १९४७ च्या फाळणीतल्या शेवटच्या गाडीपर्यंत नेले. हॉलिवूडच्या सुपरहिरोला आपल्या उपखंडाची सर्वांत खोल जखम दाखवण्याचे धाडस तिथे होते. ती मालिका मुरायला, तिच्यावर चर्चा व्हायला वेळ कोणी दिला? पुढची मालिका दारात उभीच होती. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०२३ मध्ये मान्य केले की या भडिमाराने लक्ष विखुरले, आणि पुढे वर्षाला दोन-तीन चित्रपट आणि दोन मालिकांवर थांबण्याचे जाहीर केले. कबुली ठीक, पण नासाडी करून झाल्यावरची आहे.

आता मुख्य अपराधाकडे येऊ. संख्या आवरता येते, मल्टिव्हर्सने केलेली हानी आवरता येत नाही. समांतर विश्वांचा हा दरवाजा ‘एंडगेम’मध्येच किलकिला झाला होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये खलनायक थेनोसने आपल्या मुलीला, गामोराला, कड्यावरून लोटून मारले, ‘एंडगेम’मध्ये भूतकाळातली दुसरी गामोरा आली. लोकीचा गळा थेनोसने डोळ्यांदेखत आवळला. २०२१ मध्ये दुसऱ्या काळातल्या लोकीची स्वतंत्र मालिका निघाली. नटाशा रोमानॉफ, ब्लॅक विडो, २०१० पासून या विश्वात राबत होती. जिवंतपणी तिला स्वतःचा चित्रपट दिला नाही, मेल्यावर दोन वर्षांनी दिला! आणि २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ने कळस गाठला. ‘लोगन’ या २०१७ च्या गंभीर चित्रपटात सन्मानाने मेलेल्या वुल्व्हरिनचे थडगे त्यात सुरुवातीलाच उकरले जाते आणि त्याच्या हाडांची हत्यारे करून हाणामारी होते. लोक हसले. चित्रपटाने १३० कोटी डॉलर कमावले. आमच्या दृष्टीने तो प्रसंग विनोद नाही, स्टुडिओचे चालू धोरण आहे.

मृत माणसे परत आणण्याला आमचा सोवळा विरोध नाही. व्यासांनीही ती आणली आहेत. आश्रमवासिक पर्वात पुत्रशोकाने खचलेल्या गांधारी-धृतराष्ट्रांसाठी, कुंतीसाठी, कुरुक्षेत्रावर पडलेले सारे वीर गंगेच्या पाण्यातून वर येतात. कर्ण येतो, अभिमन्यू येतो, दुर्योधन येतो. वैर विसरून सगळे भेटतात. पण केवळ एका रात्रीपुरते! पहाट होताच सगळे परत पाण्यात जातात, आणि ज्या विधवांना पतींसोबत जायचे असते त्याही पाण्यात उतरतात. त्या भेटीची किंमत होती, म्हणून ती भेट काळीज चिरते. मार्व्हलच्या मृतांना पहाटच होत नाही.

आणि हे त्यांना कळत नाही असेही नाही! ‘ब्लॅक पँथर’चा नट चॅडविक बोसमन २०२० च्या ऑगस्टमध्ये कर्करोगाने गेला. समांतर विश्वातून दुसरा टी’चाला, म्हणजे दुसरा ब्लॅक पँथर, आणणे सोपे होते. कूगलरने आणि स्टुडिओने ते केले नाही. ‘वाकांडा फॉरएव्हर’मध्ये राजा आजाराने मरतो, पांढऱ्या वस्त्रांत त्याची अंत्ययात्रा निघते, बहीण आणि आई पुढे त्या शोकाशी झुंजतात. तो चित्रपट सदोष आहे, लांबलेला आहे. तरी त्या सगळ्या पसाऱ्यात तोच एक मनाला भिडला. योग्य काय ते माहीत असूनही ज्यांनी पुढे वेगळेच केले, त्यांना क्षमा कशी करायची?

दिग्दर्शकांची गळचेपी ही याच रोगाची दुसरी खूण. एडगर राइट अनेक वर्षे ‘अँट-मॅन’वर काम करून २०१४ मध्ये बाहेर पडला. अर्जेंटिनाच्या लुक्रेसिया मार्टेल यांनी जाहीरपणे सांगितले की, ‘ब्लॅक विडो’साठी विचारताना हाणामारीच्या प्रसंगांची काळजी करू नका, ते आम्ही पाहू, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते काम घेतले नाही. आणि या विश्वाची नक्कल करू पाहणारे मुंबईचे हिंदी निर्माते? तेही हेरांचे विश्व, पोलिसांचे विश्व, भुतांचे विश्व उभारण्याच्या शर्यतीत उतरले आहेत. सोकोव्हियाची साखळी कोणी उचलली नाही. शेवटी पाहुणा नायक हेलिकॉप्टरमधून उतरवण्याची युक्ती तेवढी सगळ्यांनी उचलली.

पडद्यावर परिणाम पुसणारी ही मंडळी हिशेबाच्या वहीतही तेच करतात. थेनोस निर्माण केला जिम स्टार्लिनने. २०१७ मध्ये त्याने उघड सांगितले की, थेनोस, गामोरा आणि ड्रॅक्स या तिघांसाठी मार्व्हलकडून मिळालेल्या पैशांपेक्षा डीसीच्या चित्रपटातल्या एका किरकोळ पात्राबद्दल त्याला जास्त मोबदला मिळाला. त्याने वाद घातला तेव्हा कुठे त्याची रक्कम वाढली. विंटर सोल्जर घडवणाऱ्या एड ब्रुबेकरला त्या पात्राबद्दल जेवढे मिळाले, त्याहून अधिक त्या पात्राच्याच चित्रपटात क्षणभर चेहरा दाखवल्याबद्दल नट म्हणून मिळाले. आणि व्हीएफएक्सचे कारागीर, लंडन-व्हँकुव्हरपासून मुंबईपर्यंतच्या स्टुडिओंत रात्री जागवणारे, ऐनवेळी बदललेल्या दृश्यांचे ओझे वाहणारे? मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कामगारांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकमुखाने कामगार संघटनेच्या बाजूने मत दिले. सुखी माणसे एकमुखाने असे मत देत नाहीत.

आता ‘डूम्सडे’ डिसेंबर २०२६ मध्ये येणार असे जाहीर झाले आहे. डॉक्टर डूम हे पात्र १९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी निर्माण केले. कॅप्टन अमेरिका, थॉर, हल्क, एक्स-मेन या सगळ्यांच्या जन्मात ज्याचा हात, तो कर्बी १९९४ मध्ये वारला. त्याच्या मुलांना हक्कासाठी वर्षानुवर्षे कोर्टात झगडावे लागले आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोचल्यावर, २०१४ मध्ये, मार्व्हलने समझोता केला. डूमचा चेहरा म्हणून डाउनीला किती कोटी मिळणार याच्या बातम्या रकानेच्या रकाने छापल्या जातात. डूम कोणाच्या पेन्सिलीतून उतरला हे त्या बातम्यांत शोधावे लागते. ज्या लेखकांनी आणि चित्रकारांनी ही पात्रे घडवली त्यांना प्रत्येक चित्रपटाच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा लेखी मिळाला पाहिजे, व्हीएफएक्स कामगारांचे तास करारात बांधले गेले पाहिजेत, आणि टोनी स्टार्क मेला आहे तो मेलेलाच राहिला पाहिजे. या तीन मागण्यांचे उत्तर येईपर्यंत ‘डूम्सडे’च्या आगाऊ तिकीटविक्रीच्या दिवशी आम्ही रांगेत नसू, आणि आमच्या वाचकांनीही नसावे.