महाबळेश्वरात हिमकण, मग गाडीला स्नो टायर हवेत का?

वेण्णा तलावाकाठच्या हिमकणांचे फोटो हिवाळ्यात व्हायरल होतात. पण ते गोठलेलं दव असतं, गवतावर आणि बोटींवर. रस्त्यावर बर्फ साचत नाही. म्हणजे सातारा-सांगलीत स्नो टायर नकोतच.

प्रश्न येतो स्पोर्टी गाडी घेऊन मनालीला निघाल्यावर. साधारण ७ अंशांखाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं, पकड सुटते. स्नो टायरचं रबर मऊ राहतं, त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. इंजिनाची ताकद इथे कामाची नाही; चाकं जागीच गरगरतात.

पण हेच मऊ टायर सांगलीच्या उन्हात झपाट्याने झिजतात. चार दिवसांच्या सहलीला चाकांच्या साखळ्या पुरतात. मात्र स्पोर्टी गाडीत चाकाभोवती जागा कमी, त्यामुळे त्या बसतील का, हे मॅन्युअलमध्ये आधी पाहावं. नसतील बसत, तर पुढे स्थानिक टॅक्सी बरी.