काँक्रीटला सांडपाणी चालेल का?

मंडळी, बांधकामे निघतात उन्हाळ्यात आणि विहिरी तळाला जातात त्याही उन्हाळ्यातच. मग कुणीतरी विचारतोच, "साहेब, सांडपाण्यात काँक्रीट कालवले तर?" चालते, पण सांडपाणी कशाचे आहे ते आधी पाहावे.

माझ्या पाहण्यातली गोष्ट. एका शेतकऱ्याने फाल्गुनात गोठ्याचा कोबा केला. टँकरचे पैसे वाचावेत म्हणून शेजारच्या गुऱ्हाळातले, कढई धुतलेले पाणी वापरले. तिसऱ्या दिवशी खिळा ओढून पाहिला, तर माल ओलाच! गवंड्याने सिमेंटला बोल लावला. सिमेंट चोख होते, खोट गुळाची होती. ५० किलोच्या पोत्यात ५० ग्रॅम साखर गेली तरी सिमेंट आवळायला फार वेळ लागतो. सगळा कोबा उकरावा लागला, आणि टँकर काही चुकला नाही.

साबणाच्या पाण्याने मालात हवा शिरते व ताकद घटते. गोठ्याचे आणि दुधाचे कॅन धुतलेले पाणीही नको. खाऱ्या पाण्याने सळई आतून गंजते. म्हणून भारतीय मानक ४५६ प्रमाणे सळईच्या कामाला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालते, बिनसळईच्या कामाला २००० पर्यंत. सामू ६ च्या खाली नसावा.

मग चालते कोणते? घमेली, फावडी, मिक्सर धुतलेले. ते पिंपात रात्रभर निवळू द्या आणि वरचे स्वच्छ पाणी दुसऱ्या दिवशी चांगल्या पाण्यात मिसळून घ्या. शहरातले तयार काँक्रीटचे कारखानेही धुण्याचे पाणी असेच फिरवून वापरतात. मात्र ते चुन्याच्या निवळीसारखे दाहक असते. हातांना, डोळ्यांना लागू देऊ नका, विहिरीजवळ ओतू नका.

शंका असेल तर एकाच पोत्यातल्या सिमेंटचे दोन गोळे मळून भाकरीसारखे थापा. एक पिण्याच्या पाण्यात, दुसरा शंकेच्या पाण्यात, पाण्याचे माप तेच. दुसऱ्या दिवशी दोन्हींवर खिळा ओढा. दुसरा मऊ लागला तर ते पाणी सोडून द्या. यातून मीठ मात्र कळत नाही. स्लॅब घालायचा असेल तर पाणी प्रयोगशाळेतच तपासून घ्या.

आणि कालवायला पोत्यामागे साधारण २५ लिटरच लागते हो! खरे पाणी जाते ते नंतर ७ ते १० दिवस मारण्यात. तिथे गोणपाट अंथरून भिजवा, वर जुने प्लास्टिक टाका, कडेला दगड ठेवा.